शांतीची मेणबत्ती

...नाही, मी काय म्हणते, शांती मिळायला माणसाला आधी बसायला तरी मिळायला नको का ओ? तुम्हीच सांगा! आमच्या चर्चमध्ये नाताळाच्या आधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावतात. आशा, प्रीती, आनंद आणि शांती. शांतीची जांभळी मेणबत्ती सगळ्यात शेवटी! म्हणजे नाताळ दारात, पिठाचे डबे उघडे, पडदे बादलीत, दारात टांगायची चांदणी अजून माळ्यावर, आणि तेव्हा यांची शांती! बरं, पद्धत अशी की ज्याच्या वाट्याला मेणबत्ती आली त्यानं ती घरी न्यायची, सोनेरी कागदानं सजवायची, रविवारी आणून लावायची आणि सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची... 'मला शांती कशी मिळाली'. पाळकसाहेबांनी मंडळीवरून नजर फिरवली आणि माझ्यावर आणून ठेवली. "आपल्या निवेदिताबाई बघा, उपासनेत किती शांत बसतात!" अहो, शांत कुठली, मी पेंगत होते! आदल्या दिवशी डबे भरून चकल्या तळलेल्या. झालं! शांतीवर बोलायचं कुणी? मी!

आता आमचं घर ऐका. सोलापूरची भवानी पेठ. भिंतीपलीकडे कमलम्माचा टॉवेल विणायचा लूम... खटाखट खटाखट, उजाडल्यापासून. भिंतीअलीकडे आमची लेक सुवार्ता, कीबोर्डवर नाताळच्या कॅरलची एकच ओळ वाजवायलीय, तीपण चुकीची. आमचे हे, शमुवेल, स्टुलावर चढून, चांदणीची वायर दातात धरून, "निवेदिता, पक्कड! पक्कड नको, टेप! टेप राहू दे, स्टूल धर, स्टूल!" तेवढ्यात पाळकबाईंचा फोन, "चर्चमधल्या गव्हाणीच्या देखाव्यासाठी वाळकं गवत तुम्ही आणणार होता ना?" मी? मी काय दारात म्हशी बांधल्यात? आणि शांतीवर बोलायचं कुणी? मी!

आणि स्वयंपाकघरात सासूबाई. लीलाबाई. आमचं भांडण नाही हं! भांडण असतं तर बरं झालं असतं, आवाज तरी आला असता. झालं एवढंच की त्यांचे गुडघे सुजलेले बघून मी म्हणाले, "आई, यंदा करंज्या मी करते, तुम्ही आराम करा." चांगल्या मनानं म्हणाले ओ! पण बाईंनी ऐकलं काय? की मला पेन्शनीत काढलं! तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. बोलतात, पण भिंतीशी. "भाजीत मीठ आहे म्हणतात, कुठं आहे की!" मी बोलले तर उत्तर भिंतीला. मला सांगा, घरात एक बाई माझं नाव घेईना, आणि मी देवाच्या घरात, पेटत्या मेणबत्तीसमोर उभी राहून 'मला शांती मिळाली' म्हणायचं? खोटं? तिथं? प्रार्थनेला बसले, "प्रभू, मला थोडी शां..." की दारावर बेल, गॅसवाला! गच्चीवर जाऊन बसले, तर तिथं कमलम्माचे ओले टॉवेल, एकेक तोंडावर फटाफट. शनिवार उजाडला, दुसऱ्या दिवशी साक्ष, आणि माझ्याकडे एक ओळ नाही!

त्या शनिवारी संध्याकाळी मी करंज्यांचा घाट घातलेला. पीठ भिजलंय, सारण तयार, तेल तापलंय... आणि लाईट गेली. गुडुप!

आणि तुम्हाला सांगते... लूम थांबला. कीबोर्ड बंद. टीव्ही बंद. ह्यांचा फोन आधीच मेलेला, नुकता चार्जिंगला लावलेला. स्टुलावरून हे नुसते म्हणाले, "आता?" तेवढ्यात काडी पेटल्याचा आवाज. सासूबाईंनी कपाटातनं काहीतरी चाचपून काढलं, पेटवलं आणि ओट्यावर उभं केलं. आणि माझ्याकडे बघून, माझ्याकडे हं, भिंतीकडे नाही, म्हणाल्या, "निवेदिता, पोळपाट खाली घे. पीठ सुकंल. मी लाटते, तू भर."

निवेदिता! माझं नाव! माझ्या हातातला चमचाच पडला.

बसलो ओ खाली. सुवार्ता आली. काडेपेटी मागायला कमलम्मा आली. "अक्का, करंट गेला, लूम बंद, काडी हाय का?" म्हणत आली आणि काडी विसरून मुरड घालायला बसली. हे पुरणाचं... सॉरी, सारणाचं ताट धरून बसले, खाल्लंही, पण कुणी रागावलं नाही. सासूबाई हळूच त्यांच्या आईचं जुनं भजन गुणगुणायला लागल्या. कमलम्माला शब्द कुठं येतात, ती नुसती हूं हूं करत सूर धरायली. सासूबाईंचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला. त्यांनी तो काढून घेतला नाही. मला एकदम रडूच आलं. म्हटलं, प्रभू, हेच मागत होते की रे मी!

आणि लाईट आली. खटाखट! सारेगम! "पक्कड!" आणि मी ओट्याकडे बघते तर काय? बोटभर उरलेली, जांभळी, सोनेरी कागद करपलेला... चर्चची शांती! आख्खी जाळून बसलो आम्ही! हे धावले बाजारात. सगळं सोलापूर पालथं घातलं, जांभळी मेणबत्ती कुठं मिळंना. एक दुकानदार म्हणतो, "वाढदिवसाची देऊ का, फुंकली तरी विझत नाही?" नको बाबा!

रविवारी तोच तुकडा घेऊन उभी राहिले. पाळकसाहेबांच्या भुवया पार वर. म्हटलं, आता खरं तेच सांगायचं. "ही शांती आमच्या घरी करंज्या करताना जळाली," म्हणाले. मंडळी हसली. मग सुटलेच ओ मी! म्हटलं, मरीयेला तरी कुणी निवांत बसू दिलं का? ओली बाळंतीण, परकं गाव, गोठ्यात मुक्काम, आणि मेंढपाळ हजर, न सांगता! तिनं त्यांना कुठं बसवलं असेल, काय दिलं असेल? गुरं हंबरतायत, योसेफ काहीतरी शोधत फिरतोय. आणि तरी प्रभू तिथंच आला ना? आमच्याही ओट्यावर आला. मागच्या बाकावरून सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आणि करंजी एकपण फुटली नाही!" चर्चमध्ये! मी रडायलेय, लोक हसायलेत, पाळकसाहेब चष्मा पुसायलेत... आणि चष्मा पुसून काय म्हणाले? "पुढच्या वर्षीही शांती निवेदिताबाईंकडेच!" घ्या!

आता रोज संध्याकाळी लूम खटाखट, कीबोर्ड, पक्कड, सगळं आहे तसंच. फक्त सासूबाईंनी एक साधी मेणबत्ती आणि काडेपेटी ओट्यावर काढून ठेवलीय. दिवे लागले की विचारतात, "निवेदिता, आज जाईल का गं लाईट?" मीपण मनातल्या मनात प्रार्थना करते, जाऊ दे रे देवा, थोडा वेळ तरी जाऊ दे! एरवी बारा महिने नको तेव्हा जाते ओ मेली... आणि आता आम्ही वाट बघायलोय, तर जायचं नाव नाही!