विषाचं नाव

डाळिंबावर औषध फवारता फवारता कोसळलेला नवरा आत बेशुद्ध होता. दवाखान्याच्या बाकावर सुमनबाई पदर चावत ऐकत होती. शेजारी बागेचे मालक राधाकृष्ण मेव्हण्याबरोबर मोबाईलवर परदेशातल्या विषप्रयोगाची बातमी बघत होते.

“नसा लुळ्या पाडनारं विष घातलं, आन् सरकार म्हनतं, आमी न्हाईच!”

“कबूल कोन करतंय, दाजी?”

“निदान विषाचं नाव तर सांगा! डाक्टरनं उतारा कशावर द्यायचा? लाज न्हाई लेकाच्यांना.”

“मालक, आतले डाक्टरबी तेच इचारत्यात. तुमी पान्याच्या बाटलीत वतून दिलं, ते औषध कंचं?”

“मला न्हाई आठवत.”

“डबा तुमच्या घरात हाय. आना की.”

“पोलीस केस व्हईल, बाई.”

“मंग त्या सरकारला शिव्या नका देऊ, मालक. तुमच्याच भावकीतलं दिसतंय.”