देवाचं नाव असलेला कागद

दातांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर आई आणि मुलगी नंबर यायची वाट बघत होत्या.

“सिनेगॉगच्या वर्गातला तुझा पेपर कुठाय गं?”

“पुरला.”

“पुरला?”

“त्यावर देवाचं नाव होतं. असा कागद कचऱ्यात टाकायचा नसतो, पुरायचा असतो. बाईंनीच शिकवलंय.”

“अगं, जुना होऊन फाटला की पुरतात. तुझा तर परवाचा!”

“फाटला होता.”

“आपोआप?”

“मी फाडला. पण नावाला धक्का नाही लावला, बाजूबाजूने फाडला.”

“आणि पुरलास कुठे?”

“तुझ्या गुलाबाच्या कुंडीत.”

“मार्क किती होते?”

“वीसपैकी एक.”

“तो तरी कशाचा मिळाला?”

“असे कागद पुरायचे असतात, ते बरोबर लिहिलं होतं.”