शोभानं मला हरवलं तो सामना

नमस्कार. मुलुंडच्या या हॉलमध्ये इतकी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. मागे उभे आहात ते पुढे या. मुलांनो, तुम्ही खाली सतरंजीवर बसा. विलासराव, तुमच्या बायकोबद्दल, आणि प्रज्ञा, तुझ्या आईबद्दल ‘होती’ म्हणायचं, हे अजून जिभेला जमत नाहीये. आणि शोभाच्या आई दहिसरहून आल्यात, पहिल्या रांगेत बसल्यात. आई, खरं सांगायचं तर तुमच्यासमोर बोलायचं म्हणून मी आठ दिवस घाबरलेय.

माझं नाव मीनल. तुमच्यातले बरेच जण मला शोभाची मैत्रीण म्हणून ओळखतात. संध्याकाळी ती टेनिस शिकवायची तेव्हा कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसायची ती बाई. पण आमची ओळख मैत्रीतून झाली नाही. तरुणपणी मी टेनिस खेळायचे. काही वर्षं राज्यात मला कुणी हरवू शकलं नव्हतं. पेपरात फोटो यायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग शोभा आली.

तिचे वडील ट्रॉम्बेला एका कॉलनीत टेनिस कोर्टाची देखभाल करायचे. मातीवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या. दुपारी कोर्ट रिकामं असायचं. तेव्हा शोभा भिंतीवर चेंडू मारत शिकली. कॉलनीतल्या एका साहेबांनी जुनी रॅकेट दिली, तीच घेऊन ती राज्य स्पर्धेला अंधेरीला आली. आमची गाठ दुसऱ्याच फेरीत पडली. मी तिचं नावसुद्धा नीट वाचलं नव्हतं.

पहिला सेट मी सहा-एकनं घेतला. अर्धा तासही लागला नाही. दुसऱ्या सेटपासून मात्र ती चेंडू मारेचना. नुसता परत करायची. हळू, खाली, कधी माझ्या डोक्यावरून उंच. मला जोरात येणाऱ्या चेंडूची सवय. हा चेंडू येतोय, येतोय, येतच नाहीये. मी चिडले. चिडून जोरात मारायला लागले आणि चेंडू बाहेर जायला लागले. ती शांत. घाम पुसायची आणि पुन्हा तसाच एक हळू चेंडू. दुसरा सेट गेला. तिसराही गेला.

खूप वर्षांनी मी तिला विचारलं, की एवढी हुशारी तुला सुचली कुठून? तेव्हा ती पोट धरून हसली. हुशारी कसली, म्हणाली. पहिल्या सेटमध्ये तिच्या रॅकेटची एक तार तुटायला आली होती. दुसरी रॅकेट नव्हती. जोरात मारलं असतं तर सगळीच वाट लागली असती. म्हणून हळू मारत राहिली. पण मंडळी, तार सगळ्यांचीच तुटते. तशा रॅकेटनं दोन सेट काढायला डोकं लागतं आणि जिगर लागते. तिच्याकडे दोन्ही होतं.

आता जे सांगायचंय, ते सांगते.

सामना संपल्यावर एक पत्रकार आला. काय झालं, म्हणाला. मी म्हटलं, पाय मुरगळला. डावा पाय. आई, माझ्या पायाला काहीही झालं नव्हतं. मला हरल्याचं सहन झालं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्या पायाची बातमी आली. शोभाचं नाव शेवटच्या ओळीत होतं, तेही चुकीचं.

आणि त्या संध्याकाळी शोभानं काय केलं? माझा पाय मुरगळल्याचं तिच्या कानावर गेलं, तशी ती कँटीनमधून रुमालात बर्फ घेऊन आली. खाली बसून माझ्या धडधाकट पायाला लावत राहिली. मी लावून घेतला.

पुढच्या फेरीत ती उसन्या रॅकेटनं खेळली आणि हरली. मग नोकरी लागली, संसार झाला, स्पर्धा सुटल्या. आमची भेट झाली ती थेट इथे, मुलुंडला. मी नातीला टेनिसच्या क्लासला घेऊन आले, तर शिकवणाऱ्या बाई शोभा. तिनं मला लगेच ओळखलं. “काय चॅम्पियन,” म्हणाली, “पाय बरा आहे ना?”

सहा महिने मी गप्प राहिले. मग एकदा चहा पिता पिता सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं गं. ज्या पायाला बर्फ लावला, त्याच पायावर उभी राहून तू दुसरा बूट घातलास.”

मी विचारलं, मग तेव्हाच बोलली का नाहीस? ती म्हणाली, “कुणाला सांगणार? आणि मला माहीत होतं, तेवढं पुरे होतं. वाईट वाटलं ते बाबांचं. कॉलनीतले लोक त्यांना म्हणायचे, समोरचीचा पाय मुरगळला म्हणून तुमची पोरगी जिंकली. बाबा मान खाली घालून रोलर फिरवायचे.”

मी म्हटलं, मी चारचौघांत खरं सांगते. ती म्हणाली, जाऊ दे ना यार, आता कशाला. आणि मी ते जाऊ दिलं. मला सोयीचं होतं म्हणून जाऊ दिलं. त्यानंतर आठ वर्षं ती रोज माझ्या शेजारी बसून चहा प्यायली. कधी एका शब्दानं टोचलं नाही. माझ्या नातीला तिनं तोच हळू चेंडू शिकवला, आणि आता ती पोरगी मला त्याच चेंडूवर हरवते. शोभाला हे सांगितलं की ती खूश व्हायची.

तिचे बाबा आता नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं, ते माझ्यामुळे. पण आई, तुम्ही आहात. इतकी वर्षं तुम्हीही ते ऐकून घेतलंत. म्हणून या सगळ्यांसमोर सांगते. त्या दिवशी माझा पाय चांगला होता. मी पूर्ण ताकदीनं खेळत होते. तुमच्या मुलीनं मला हरवलं, कारण ती माझ्यापेक्षा चांगली खेळली.

आता आपण शोभासाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या.

आई, तुम्ही बसूनच राहा. आम्ही उभे राहतो.