पासंग

— आणि ती चप्पल? नाही, उजव्या पायाला पट्टी आहे ते दिसलं मला, मी डाव्या पायाचं विचारतोय. आत आलात तेव्हा चप्पल होती, आता नाहीये. ती बघा, पाण्याच्या पिंपापाशी पडलीय. तिथून इथवर एक पाय अनवाणी टाकत आलात आणि तुम्हाला पत्ता नाही. राहू द्या, लगेच उठू नका, चप्पल काही पळून जात नाही, या खोलीत पळणारं काहीच नाही. बसा. मी हसलो म्हणून रागावू नका, मी इथला जुना आहे, साडेचार महिने झाले मला या बाकावर, एवढ्या मुदतीत माणसाला हसायचा हक्क मिळतो. पहिलाच दिवस ना तुमचा? वाटलंच. फाइल अशी छातीशी धरून फक्त पहिल्या दिवशी बसतात.

तर आत ती काचेपलीकडे उभी आहे ना, गळ्यात शिट्टी आणि हातात ते थांबवायचं घड्याळ, ती आपली व्यायामाची बाई. नाव काहीतरी आहे तिचं, मी तोलबाई म्हणतो. वय म्हणाल तर माझ्या धाकट्या मुलीएवढं नसेल. ती तुम्हाला काय शिकवणार ऐका — उभं राहायला. होय, उभं राहायला. आयुष्यभर ज्या गोष्टीचा कुणी पुरस्कार दिला नाही ती आता शिकायची. आधी पावलाला पाऊल चिकटवून रेघेवरून चालायचं, मग त्या जाड स्पंजवर उभं राहायचं, मग पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा — माझ्या बायकोनं उभ्या जन्मात माझ्याकडून टॉवेल उचलवून घेतला नाही, ही बाई पायानं उचलायला लावते. आणि मग सगळ्यात मोठं शहाणपण — डोळे मिटा. दोन्ही पाय जुळवा, हात छातीवर, डोळे मिटा आणि तीस सेकंद उभे राहा. मी पहिल्यांदा मिटले तेव्हा चौथ्या सेकंदाला तिच्या अंगावर गेलो. ती म्हणते, काका, तुमचे पाय डोक्याला बातमी पाठवत नाहीत, तुम्ही डोळ्यांवर उभे आहात. डोळ्यांवर उभे! ऐकलंत कधी? भाजलेली कातडी घोट्यापाशी ओढते ते वेगळं, ते ताणून ताणून सुटतंय म्हणे, पण साखरेनं आतलं काय मेलंय ते परत येईलच असं नाही, म्हणून बाकीच्यांना जास्त काम शिकवायचं. बाकीचे म्हणजे गुडघे, कंबर, कान. कानानं उभं राहायचं!

आणि हे कुणाला सांगते? मला. अहो, मी छत्तीस वर्षं तराजू दुरुस्त केलेत. किराणावाल्यांचे, भंगारवाल्यांचे, सोनारांचे ते काचेच्या पेटीतले. तोल म्हणजे काय हे मला विचारा. पासंग माहीत आहे ना? रिकाम्या तराजूचं एक पारडं वर राहतं, मग त्याच्या खाली खडा म्हणा, लोखंडाचा तुकडा म्हणा, बांधून दोन्ही सारखी करायची — तो पासंग. मी लांबून बघून सांगायचो, हा पासंग दोन ग्रॅमनं खोटा आहे. दुकानदार घामाघूम व्हायचे. माझ्यापुढे ही पोरगी म्हणजे — पासंगालाही पुरायची नाही. तिला मी एकदा विचारलं, काट्याचं सगळ्यात वाईट दुखणं कोणतं? म्हणाली, चुकीचं वजन दाखवणं. चूक. चुकीचं दाखवणारा परवडला, तो किती चुकतो ते कळलं की हिशोबात धरता येतं. वाईट तो, जो शून्यावर अडकतो. वर पोतं टाका, माणूस उभा करा, तो आपला शून्यच. आणि दिसायला एकदम शांत, बिनचूक. असा काटा आला की मी दुरुस्तच करायचो नाही, बाजूला ठेवायचो.

हे बघा, तुम्हालाही ती नियम सांगेल, मी आधीच सांगतो म्हणजे दचकणार नाही. एक, मोजे पांढरेच घालायचे. का? रक्त आलं तर दिसावं. शाळेत कवायतीला निघाल्यासारखे पांढरे मोजे, या वयात. दोन, बूट घालायच्या आधी आत हात घालून बघायचं, उलटा करून झटकायचा. रोज. मी काय विंचू शोधतोय? सूनबाई तर त्या नियमाला चिकटूनच बसलीय. रोज सकाळी दारात विचारते, बाबा, बूट झटकलेत? मी म्हणतो, झटकले. झटकतो कोण! खाली वाकायचं, उठायचं, पुन्हा वाकायचं — त्यात निम्मा दिवस जातो. हो म्हटलं की विषय संपतो. बाईमाणसाला हो म्हणायला शिका, निम्मे आजार बरे होतात.

तुमचं कशानं झालं? शेकाची पिशवी? पाय गार पडले म्हणून घेऊन झोपलात. बरं. आणि सकाळी पाय चादरीला चिकटला होता. हे तुम्ही असं मान खाली घालून सांगू नका, तुम्ही एकटे नाही, तो भिंतीपाशी बसलाय ना तो वेल्डर, तो मोटारसायकलच्या सायलेन्सरला पाय टेकून सिग्नलला उभा होता, वास आल्यावर कळलं त्याला. मला? मला सुनेनं भाजलं. म्हणजे तसं नाही — पाणी तिनं काढलं. हिवाळ्यात, तिच्या मुलीच्या आंघोळीसाठी, टबात. कढत. तो मुलानं बसवलेला गीझर, त्याचं बटण कधीच जागेवर राहत नाही, मी दहादा सांगितलं होतं, पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण. तर पाणी कढत, आणि मी त्यात दोन्ही पाय घालून उभा. घोट्याच्या वरपर्यंत गेली कातडी, मोजा काढावा तशी. इतकंच. झालं.

का उभा होतो? प्रश्न बरोबर आहे तुमचा. सगळे हाच विचारतात आणि मी सांगतो, आंघोळीला. पण टब एवढासा, माझी आंघोळ त्यात कशी होणार. नातीची होती आंघोळ. चार वर्षांची आहे. ठकी म्हणतो मी तिला, कारण कुणालाही गंडवते. सूनबाई ऑफिसच्या फोनवर होती, आतून ओरडून म्हणाली, बाबा, गार पाणी मिसळा, कोपर बुडवून बघा, मग तिला घाला. कोपर. म्हणजे वाकायला हवं. मी पाय घातला. टबाच्या काठावरून एक पाय आत, मग दुसरा, ठकी माझ्या हातात, बगलेत धरलेली — आणि मी सांगितलं, कोमट आहे. ठामपणे सांगितलं. मला खरंच कोमट वाटलं का? नाही. मला काहीच वाटलं नाही. कढत नाही, गार नाही, ओलंसुद्धा नाही. आणि काहीच वाटलं नाही म्हणून मी कोमट म्हणालो. दोन वर्षं मी असंच म्हणत होतो. डॉक्टर विचारायचे, पायाला मुंग्या, बधिरपणा? मी म्हणायचो, छे. एकदा चपलेतून खिळा वर आला होता, दिवसभर चाललो, घरी फरशीवर ठसे उमटले तेव्हा कळलं, ते ठसे मीच पुसले, कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, दुकान बंद करायला लावलं असतं.

पोरगी म्हणाली, आबा, तुमचे पाय टोमॅटो झाले. मी म्हटलं, गप, बस खाली. आणि सोडत होतो तिला. तिचा अंगठा लागला पाण्याला आणि ती किंचाळली, पाय पोटाशी घेतले, माझ्या मानेला अशी लटकली की — बरं झालं लटकली. अंगठ्याला फोड आला तिच्या. मुगाएवढा. आठ दिवसांत गेला, आता शोधूनही सापडत नाही. मी शोधलाय.

 सूनबाई भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. माझी ड्रेसिंगं तिनं केली, रजा काढून केली, तोंडावर एक आठी नाही. फक्त म्हणाली, बाबा, त्या बाई लिहून देईपर्यंत हिला उचलायचं नाही. पडलात तर दोघं पडाल. एवढंच. पाच महिने झाले. ठकी हात वर करून पुढ्यात उभी राहते, आबा, वर — आणि मी म्हणतो, आबाला काम आहे. मला काय काम असणार! मग मी तिला माझी छोटी पितळी वजनं दिली खेळायला, दोन ग्रॅमपासून शंभरपर्यंत. ती त्यांना बाळं म्हणते. झोपवत हिंडते घरभर. परवा माझ्या चष्म्याच्या डबीत दोन झोपली होती, काल एक साखर ठेवायच्या वाटीत. कुणाला ओरडायची सोय नाही, बाळ उठतं म्हणे.

म्हणून येतो मी इथं, तोलबाईच्या शिट्टीसाठी नाही. परवा सव्वीस सेकंद झाले, डोळे मिटून. सव्वीस! ती वेल्डरला सांगत होती, काकांकडे बघा. आज तीस झाले की ती कागद देणार आहे, सही करून. मी सकाळीच घरात सांगून आलोय, आज संध्याकाळी ठकीला मी खांद्यावर घेऊन जिना उतरणार. सूनबाई म्हणाली, आधी कागद दाखवा. दाखवतो म्हटलं. बूट झटकलेत? म्हटलं, झटकले.

ती बोलावतेय बघा. काका, बूट काढून या. आलो, आलो. थांबा, हे वेलक्रो — हे एक बरं केलंय, नाडी नाही. डावा निघाला. उजवा जरा — काय पडलं? काहीतरी वाजलं खाली. तुमच्या पायाशी गेलं बघा, बाकाखाली. द्या इकडे.

वीस ग्रॅमचं आहे.

वरचं बटण असतं ना याला, धरायला, ते असं टोकदार. मीच पॉलिश केलं होतं परवा. पहाटे आली असेल, मी झोपलेलो असताना. बाळाला बुटात झोपवलं तिनं. घरापासून इथं — बसथांब्यापर्यंत चालत, मग दोन जिने. बघा हो जरा, मला वाकून नीट दिसत नाही. मोजा पांढरा आहे ना? खरं सांगा. किती? रुपयाएवढं, की जास्त? खालून सगळा?

मला काही वाटत नाहीये. एकदम शांत. पाय आहे तिथं, छान आहे.

हे असंच घालून आत गेलो तर? तीस सेकंदांचाच प्रश्न आहे, तिचं लक्ष घड्याळाकडे असतं. मोजा फिरवून घालतो, तळव्याचा डाग वर येईल, पँटखाली झाकला जाईल. तीस होतील, आज होणारच, मला माहितीय. सही होईल. संध्याकाळी ठकी खांद्यावर — आणि जिना. सतरा पायऱ्या आहेत त्या जिन्याला.

हं.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही काय मला शिकवणार, तुमची स्वतःची चप्पल पिंपापाशी पडलीय. जा, आत जा आधी. माझा नंबर तुम्ही घ्या. आणि तिला बाहेर पाठवा, म्हणावं, पट्टीचं सामान घेऊन या. घड्याळ नको म्हणावं आज. वजन राहू दे माझ्याकडे, ते ठकीला परत द्यायचंय, वीसचं बाळ हरवलं तर रडेल. जा. आणि चप्पल घालताना आधी हात फिरवून बघा आतून. हात म्हणतोय मी, पाय नव्हे. जा आता, उभे काय राहिलात.