काकांची रजा आणि बेचाळीस विहिरी

...नाही, पण मला सांगा, बावीस वर्षं! बावीस वर्षं मी बेचाळीस विहिरींचं पाणी मोजलंय, म्हणजे मी कसलं, आमच्या ऑफिसच्या मोजणीकाकांनी मोजलंय, पण टेकडी चढून दम मलाच लागलाय ना, आणि ही कालची पोरगी मला फोनवर विचारते, "मॅडम, पाणी कुठून मोजलं?" कुठून म्हणजे? वरून! पाणी खाली असतं, माणूस वर असतो, खालून कोण मोजणार, बेडूक?

ही पोरगी म्हणजे कोण, तर आमच्या नव्या डेटा भांडाराची राखणदारीण. मी तिला प्रश्नवाली म्हणते. भूशास्त्राचं जे जे काही कुणी मोजलं असेल, ते म्हणे सगळ्यांनी तिथे ठेवायचं, म्हणजे ते टिकतं आणि सगळ्यांना वापरता येतं. छान आहे! माझा काही विरोध नाही हो, सगळ्यांनी आपापला ठेवावा... माझा सोडून! पण वेळ अशी आली की माझाच ठेवावा लागला. आमच्या टेकडीवर दगडाची खाण आहे, तिला आणखी खोल जायचंय. खाली वस्ती आहे, तिच्या विहिरी दरवर्षी खाली खाली चालल्यात. परवानगी द्यायची की नाही ते ठरवायला समिती बसली, आणि समितीने काय सांगावं? भांडारात तपासून जमा झालेला डेटाच आम्ही धरू. शुक्रवारपर्यंत. आणि प्रश्नवालीने मला एक्केचाळीस प्रश्न पाठवले!

मी म्हटलं, बाळ, डेटा आहे ना माझ्याकडे! आहे हो, सगळं आहे... फक्त सापडत नाही.

आता तुम्ही हसताय, पण तुमच्या घरी कात्री सापडते का वेळेवर? माझ्या कॉम्प्युटरवर एक फाईल, 'विहिरी अंतिम'. मग 'विहिरी अंतिम नवीन'. मग 'विहिरी खरंच अंतिम', आणि तिच्यात काय, तर आमच्या वन्संच्या घराच्या फरशीची मापं! मधल्या चार वर्षांचा डेटा होता एका सीडीवर. कपाट उपसलं, माळा उपसला, शेवटी ह्यांना विचारलं, तर हे पेपरातून मान वर न करता म्हणतात, "गोल, चकचकीत? ती मी बाल्कनीत टांगलीय. कबुतरं येत नाहीत त्याने." अहो, चार वर्षांचं भूजल दोऱ्याला बांधून वाऱ्यावर गरगर फिरतंय! आणि कबुतरं? येतात की! सीडीवरच... जाऊ दे.

तर गेले मोजणीकाकांकडे. काका आता निवृत्त, पण माणूस असा व्यवस्थित की चहाच्या कपालासुद्धा तारीख घालेल. बावीस वह्या! कापडात बांधून, वर नंबर टाकून! मला तर रडूच आलं. तिथूनच प्रश्नवालीला फोन लावला, म्हटलं, घे, मिळालं सगळं. तर ती गोड आवाजात, "मॅडम, पण कुठून मोजलं?"

फोन दिला काकांच्या हातात. काका शांतपणे सांगतायत, "कठड्याच्या वरच्या कडेपासून, ताई. लाल खूण केलीय प्रत्येक विहिरीवर." बघा! मी विजयी मुद्रेने बघतेय. आणि काका पुढे म्हणतात, "अन् त्यातून एक मीटर वजा."

एक मीटर? कसला एक मीटर?

"अहो बाई, टेप नाही का तुटली सहाव्या वर्षी? पुढचा एक मीटर गेला विहिरीत. मग एकच्या आकड्याशी वजन बांधलं अन् लागलो कामाला. टेप दाखवेल त्यातून मी आपला मनातल्या मनात एक वजा करून लिहायचो."

"नवीन टेप नाही मागवलीत?"

"मागवली की. स्टोअरला आली. तुम्हीच विचारलं होतं त्यांना, विसरलात. ते म्हणाले, आहे, सगळं आहे, फक्त सापडत नाही."

बरं, म्हटलं, वजा केलंय ना, मग प्रश्न मिटला! पण तुम्हाला सांगते, तेवढ्यात मला काकांच्या रजा आठवल्या. मी हळूच विचारलं, "काका, तुम्ही रजेवर असलात की कोण मोजायचं?"

"आपल्या जीपचा ड्रायव्हर."

"आणि तो... वजा करायचा?"

"करतच असेल की! तो चिठ्ठीवर आकडे लिहून ठेवायचा, मी आल्यावर सुवाच्य अक्षरात वहीत उतरवायचो."

लावला ड्रायव्हरला फोन. "मॅडम, मी कशाला वजा करू? टेप दाखवेल ते लिहायचं, आपण कोण शहाणे! मला वाटलं, काका करतील."

आता तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात, दुरुस्त करून टाका! अहो, कसं सांगू... नऊ वर्षांपूर्वी मी एक शोधनिबंध लिहिलाय. माझा सगळ्यात गाजलेला! 'भूजलाचा उन्हाळी श्वास'! दर उन्हाळ्यात मोजणीच्या एका फेरीला पाणी एक मीटर खाली जातं आणि पुढच्या फेरीला आपोआप वर येतं. बेचाळीसच्या बेचाळीस विहिरी, एकदम, मोजून एक मीटर! शंका यायला नको होती का? मला शंका आलीच नाही, मला टाळ्या ऐकू आल्या. एका वर्षी तो श्वास थंडीत घेतला गेला, तर त्यावर मी सूक्ष्म भूकंपाची पुरवणी जोडली. आणि काका म्हणतायत, "थंडीत? हां, तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एरवी मी उन्हाळ्यातच रजा घ्यायचो. नातवंडांना सुट्टी असते ना."

म्हणजे पृथ्वी श्वासबीस काही घेत नव्हती. काका नातवंडांकडे जात होते!

आणि गंमत पुढेच आहे, म्हणजे तुम्हाला गंमत. खाणवाल्यांच्या तज्ज्ञाने समितीपुढे माझाच निबंध ठेवलेला! "पाणी तिथे निसर्गतःच खालीवर होतं, मॅडमनीच लिहिलंय, आमच्या खाणीचा काय दोष?" आता बोला. एका बाजूला माझा निबंध, दुसऱ्या बाजूला खालच्या वस्तीतल्या बायका, सुकलेल्या विहिरीत वाकून बघणाऱ्या. मी दोन दिवस जेवले नाही नीट. हे म्हणाले, "कुणाला कळणारे? गप बस." आणि खरं सांगू? बसले असते. पण आठ वर्षांपूर्वी एका संशोधकाने माझ्याकडे हाच डेटा मागितला होता, आणि मी लिहिलं होतं, 'काम चालू आहे'. माझा डेटा, मी का देऊ! दिला असता तर त्याने महिन्याभरात चूक पकडली असती. लाज वाटली हो मला.

ठरलं, दुरुस्त करायचं. पण वहीत सगळं काकांच्याच अक्षरात! मग त्यातले ड्रायव्हरचे आकडे कोणते, हे ओळखायचं कसं? काकांच्या रजांच्या तारखा हव्यात. आणि त्या कुणाकडे? हेडक्लार्ककडे.

मी बिचकत विचारलं, बावीस वर्षांच्या रजा मिळतील का? हेडक्लार्कनी मागे हात घातला, बघितलंसुद्धा नाही, आणि रजावही टेबलावर! प्लास्टिकचं कव्हर, पाठीवर लेबल, आत अनुक्रमणिका! रजेचं कारण, तारीख, सही, बदली कोण, सगळं! अहो, पृथ्वीच्या पोटातलं पाणी कुठे गेलं ते आम्हाला सापडत नाही, पण काका कोणत्या मंगळवारी अर्धा दिवस दाढ काढायला गेले, ते दोन मिनिटांत! म्हटलं, द्या. तर म्हणतात, "मूळ वही मिळणार नाही. नक्कल हवी तर अर्ज करा. दोन प्रतींत."

केला अर्ज. शुक्रवारी दुपारी आकडे गेले, रजावहीची नक्कल जोडून, आणि सोबत माझा निबंध मागे घेतल्याचं पत्र. पण एकदा ते जादा मीटर निघाले आणि आलेख समोर आला, तर काय! उन्हाळी श्वास गायब, आणि राहिली एक सरळ उतरती रेघ. खाण सुरू झाल्यापासून दर वर्षी वीतभर खाली. इतकी वर्षं ती रेघ तिथेच होती, माझ्या शोधाखाली दडपलेली.

समितीने खाणीला नाही म्हटलं! खरंच! मला पत्र आलंय तसं. लिहिलंय, आकडे ग्राह्य धरले, आणि पुढे, ऐका हं, 'जोडलेली रजांची नोंद अत्यंत शास्त्रशुद्ध आहे.' बावीस वर्षांच्या संशोधनात 'शास्त्रशुद्ध' हा शब्द कुणाला मिळाला, तर हेडक्लार्कच्या रजावहीला! विश्वास नाही बसत? थांबा, दाखवतेच तुम्हाला ते पत्र, ह्या पिशवीत... नाही, ह्या फाईलमध्ये ठेवलं होतं मी, आत्ता तर... अहो, आहे हो, आहे...

जाऊ दे. हेडक्लार्ककडे नक्कल असेल. उद्या अर्ज करते. दोन प्रतींत.