वाफा क्रमांक सातमधला कंद

मी, वय २३ वर्षे, धंदा सार्वजनिक वनस्पती उद्यानात पाणी घालण्याची हंगामी नोकरी, शिक्षण नववी पास (दहावीला बसले होते, मधूनच उठून आले), राहणार मावशीच्या घरामागची खोली, उद्यानात सगळे मला भिंगरी म्हणतात, आज सोमवारी सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर होऊन सांगते ते असे. हवालदारसाहेबांचं मनगट दुखत असल्यामुळे त्यांनी मलाच लिहायला बसवलं आहे.

मी पाच महिन्यांपासून उद्यानात आहे. त्याआधी होड्या रंगवायच्या कामावर होते. त्याआधी एका जादूच्या खेळात तिकिटं फाडायला. जादूगाराला स्वतःची चप्पल कधी सापडायची नाही. इथे हवालदारसाहेब म्हणाले, "मुद्द्याचं लिही गं बाई." जबाबात खोडाखोड चालत नाही म्हणून वरचं तसंच ठेवलं आहे.

उद्यानात एक म्हातारी येते, माझी कोणी नाही, पण सगळे तिला आजी म्हणतात; उद्यानाची टेकडी पूर्वी तिच्या लोकांची होती. कुंपण नंतर आलं. दोन वर्षांपूर्वी उद्यानाने त्या लोकांशी करार केला, तेव्हापासून आजी दर गुरुवारी शाळेच्या मुलांना झाडं शिकवते. उद्यानात जागोजागी 'हात लावू नये' अशा पाट्या आहेत. आजीला खणायला एकच वाफा दिला आहे, क्रमांक नऊ. त्यात साधे कंद आहेत. शेजारच्या सातमध्ये टेकडीवरचा जुना कंद होता. तो एकच उरला होता. (आठ क्रमांकाचा वाफा कुठे गेला, हे मला कोणी सांगितलेलं नाही.) या दिवसांत वेल वाळून पडतात. वर नुसती माती दिसते आणि क्रमांकाची खुंटी.

गेल्या सोमवारी दुपारी मी आकडे नव्याने रंगवायला खुंट्या उपटल्या. रंग वाळेपर्यंत फाटकावर एक ट्रकवाला उभा होता, त्याच्याशी बोलत बसले. तो समुद्राकडे चालला होता. परत येऊन खुंट्या अंदाजाने ठोकल्या.

गुरुवारी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी चौथीची बावीस मुलं आणि त्यांच्या बाई आल्या. मी पाइप घेऊन जवळच होते. आजी खणण्याआधी नेहमी थोडा वेळ गप्प उभी राहते. कंदाची परवानगी घेते, असं ती मुलांना सांगते. त्या दिवशी जास्त वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "पोरी, हा तो वाफा नाही वाटत गं."

मी म्हणाले, "आजी, खुंटी बघ की. नऊ लिहिलंय."

आजीला वाचता येत नाही. ती म्हणाली, "लिहिलंय म्हणतेस तर असेल." आणि खाली बसली.

आजीच्या लोकांची पद्धत अशी आहे की कंद काढला तरी त्याचं डोकं, म्हणजे जिथून वेल फुटतो तो वरचा तुकडा, मोडून त्याच खड्ड्यात त्याच मातीने पुरायचं. पुढच्या पावसाला कंद परत येतो. एका मुलाने विचारलं, "आजी, पुरलं तर त्याला श्वास कसा येणार?" आजी म्हणाली, "तुला वर्गात कोंबल्यावर येतो ना, तसाच." बाईसुद्धा हसल्या.

कंद मोडला तो आतून लाल निघाला. नऊमधला पांढरा असतो. आजी हसायची थांबली. डोकं पुरलं, वरची माती टाचेने दाबली, मुलांना म्हणाली, "आज एवढंच." मग लाल तुकडा पदरात घेऊन स्वतःच मोठ्या माळीकाकांकडे गेली आणि म्हणाली, "सातमधला मी खणला." खुंटीचं बोलली नाही. मी दहा पावलांवर होते. पाइप चालूच होता, जाईच्या आळ्यात तळं साचलं.

माळीकाकांनी वर कळवलं. वरून तक्रार झाली, दुर्मीळ वनस्पतीची चोरी व नाश. शुक्रवारी आजीला ठाण्यात अकरा ते चार बसवून ठेवलं होतं, हे मला मावशीकडून कळलं. गुरुवारचे वर्ग बंद झाले आहेत. फाटकावर तशी सूचना लावली आहे. ती मीच चिकटवली. शनिवार-रविवार मी खोलीतच होते. मावशीने विचारलं, "तापबिप आहे का?" मी नाही म्हणाले.

आजीने माझं नाव का घेतलं नाही, हे मला माहीत नाही. मी विचारायला गेले नाही.

आज सकाळी आठ वाजता सातमध्ये खड्डा उघडा दिसला. माळीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "पुरावा म्हणून उरलेला तुकडापण ठाण्यात दिला. मला तरी हौस आहे का?" मी म्हणाले, "काका, अहो, ते डोकं होतं." ते खाली बसले. मग मी चालत इथे आले.

हवालदारसाहेबांनी मला जप्त मालातली बंद पिशवी दाखवली. ते डोकंच आहे, मी ओळखलं. कडेने सुकलं आहे, पिशवीला आतून घाम आला आहे. अजून जिवंत असावं. ते मेलं तर आजीवरचा आरोप खरा होईल, आणि तो माझ्यामुळे खरा होईल. खुंट्या मी बदलल्या. नऊ आहे असं मी सांगितलं. आजीने चोरी केलेली नाही.

ते मातीत ठेवा, अशी मी विनंती केली. साहेब म्हणाले, "कोर्टाच्या हुकुमाशिवाय सील फोडता येत नाही."

मी म्हणाले, "किती दिवस लागतील?"

साहेबांनी खणातून टाचणी काढली. पिशवी पुढ्यात ओढून त्यांनी सील सोडून बाकी ठिकाणी टाचणीने भोकं पाडली, दुखऱ्या हाताने. मी मोजली, अकरा. मग पिशवी कपाटात न ठेवता माठाच्या मागे गारव्याला ठेवली आणि म्हणाले, "हे लिहू नकोस."

मी लिहिलं आहे. या वेळी गप्प बसायचं नाही असं ठरवून आले होते.

वरचा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. भोकांपाशी ते थांबले, मग पुढे वाचलं. मी सांगितलं तसाच आहे. खाली सही करते.