राणी आणि टोपीवाला

हसू नका राव, पण माझ्या बायकोनं पाहिलेला शेवटचा सिनेमा तुम्हाला जगात कुठं बघायला मिळायचा नाही.

तेव्हा चाकणला तंबूत सिनेमा लागायचा आणि रिळांचे डबे खेडच्या तंबूतून एस्टीनं यायचे. त्या दिवशी शेवटचा डबा भलत्याच सिनेमाचा आला. वनवासातली राणी उपाशीपोटी रडतेय, आणि एकदम घोड्यावरून एक टोपीवाला आला, ठायठाय पिस्तूल झाडत! लोकांनी तंबू डोक्यावर घेतला. आमची सखू मात्र खोकत खोकत हसत होती.

"अवं, ह्यो कोण? अन् राणीचं काय झालं?"

"तिलाच सोडवायला आलाय की!"

पुढं तिनं अंथरूण धरलं. रोज विचारायची, "टोपीवाला कुठवर आला?" मी रोज त्याला थोडा थोडा पुढं आणायचो. शेवटच्या दिवशी म्हणाली, "त्याला म्हणावं, जरा बिगीबिगी ये."

वर्षानं तोच सिनेमा पुन्हा लागला. या खेपेला डबे बरोबर आले होते. राणी रानात एकटीच मेली. सगळा तंबू मुसमुसत होता, आणि मी एकटा उभा राहून ओरडत होतो, "अरे, चुकीचं रीळ लावलंय!"